धुऱ्यावरचा बिबा

भिवाजीनं सोयाबीनची तारीफ केली, तिथून सगळं सुरू झालं.

तारीफही काही मोठी नव्हती. दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर उभं राहून, तोंडातला खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवत तो म्हणाला, "तुहं सोयाबीन यंदा लय भारी हाय बा, जानराव." एवढंच. पण ते बोलून झाल्यावर तो थुंकला नाही. जानरावानं नीट पाहिलं होतं. हा माणूस एरवी पावलोपावली पिचकारी मारतो आणि दुसऱ्याच्या पिकाला नावाजल्यावर, नजर लागू नये म्हणून जेव्हा थुंकायला हवं नेमकं तेव्हाच गिळतो. याचा अर्थ काय, हे कोणी शिकवायला लागत नाही.

जानराव आणि भिवाजी यांची सावड जुनी होती. एकाचा एक बैल, दुसऱ्याचा एक बैल आणि दोघांची मिळून एक जोडी, असा तो मामला. जानरावाचा कवड्या, भिवाजीचा भुऱ्या. केनवडच्या बाजूला आता पेरणी ट्रॅक्टरनं होते, पण सोयाबीन वीतभर वर आलं की तासांमधलं, म्हणजे ओळींमधलं, गवत काढायला डवरा लागतो आणि डवऱ्याला बैलच लागतात. तेवढ्या कामासाठी अख्खी जोडी बाळगणं दोघांनाही पटत नव्हतं. म्हणून आज याच्या वावरात डवरणी, उद्या त्याच्या. अर्ध्या जोडीच्या मालकाला दुसऱ्या अर्ध्याशी जपून वागावं लागतं. गावात सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नव्हते, पण या दोघांचं कधी वाजलं नव्हतं. भाऊ वेगळे झाले तर घरात भिंत उभी राहते. हे वेगळे झाले तर डवरा जागचा हलत नाही आणि गवत दोघांच्याही पिकाच्या वर जातं.

जानराव बारावी झालेला. नजर-बिजर काही नसते, असं तो पारावर चारचौघांत ठासून सांगायचा. पण जी गोष्ट नाहीच तिच्यापासून बचाव करून ठेवला तर बिघडतं कुठं, असंही त्याचं मत होतं. ते तो पारावर सांगत नसे.

बाजाराच्या दिवशी त्यानं कुंकू-दोरेवाल्या बाईकडून एक बिबा घेतला. काळाकुळकुळीत, टपोरा. लोक बिबा बैलाच्या गळ्यात बांधतात नाहीतर दारावर टांगतात. बैलाच्या गळ्यात बांधावा तर तो बैल अर्धा वेळ भिवाजीसमोर, आणि दारावर टांगावा तर बायको प्रयागबाई विचारणार की कोणासाठी. प्रयागबाई आणि भिवाजीची दुर्गाबाई यांचं इतकं गूळपीठ होतं की या घरातली गोष्ट त्या घरात चहाआधी पोचायची. शेवटी जानरावानं गोठ्यात बसून बिब्यातून दाभण आरपार घातलं, काळा दोरा ओवला आणि तो सदऱ्याखाली कमरेला बांधला. दाभण घातल्यावर बिब्यातून काळं, चिकट तेल आलं. ते त्यानं बोटानं निपटून लेंग्याला पुसलं. ताज्या बिब्याला जोर जास्त असतो, असं ती बाई म्हणाली होती.

तिचं म्हणणं खरं निघालं.

एक-दोन दिवसांतच जानरावाच्या कमरेला आग व्हायला लागली. आधी खाज, मग लाल पट्टा, मग पाणी भरलेले फोड. डवऱ्यामागं चालताना घाम यायचा आणि घाम खाली उतरला की त्याला उभ्या जागी नाचावंसं वाटायचं. पुढं कासरा धरून चालणारा भिवाजी मागं वळून म्हणाला, "काहून बे, आज सारखा अंग झटकून राह्यला?"

"काई नाई."

"काई कसं नाई? गाजरगवतानं उतलं असंन. माह्याकडं पाह्य, मी हे घालतो." त्यानं हात वर करून दाखवले. दोन्ही हातांत रबरी मोजे, त्यावर मनगटापर्यंत बटणं लावलेला पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्याला दुपट्टा. मागच्या वर्षी धुऱ्यावरचं गाजरगवत उपटताना त्याचे हात सोलून निघाले होते. तेव्हापासून तो ते गवत उघड्या हातानं धरत नसे, फुलावर यायच्या आत मुळासकट काढायचा, आणि काम झालं की विहिरीवर साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचा. कपडेसुद्धा घरच्या धुण्यात टाकत नसे. "तूई घाल गड्या मोजे. दुसरी जोडी देऊ काय?"

जानराव नाही म्हणाला, पण त्याच्या मनात हे सगळं ओळीनं लागत गेलं. यानं मोजे घातलेत. म्हणजे अशा कशाला तरी हा हात लावतो, ज्याला उघडा हात लावायचा नसतो. काम झाल्यावर साबणानं हात धुतो. शेतकरी माणूस मातीचे हात धुतो, पण साबणानं, कोपरापर्यंत? आणि मोजे द्यायची एवढी घाई? ज्यानं काही केलंय तोच एवढी काळजी करतो.

रात्री प्रयागबाईनं पाठ पाहिली. सदरा त्यानं बेतानं, पाठीमागून तेवढाच वर केला.

"माय व. हे तं बिबा उतला तुमाले."

"बिबा?"

"मंग काय. माह्या मामाले असंच झालतं. बिब्याच्या झाडाखालून गेलते काय तुमी?"

"मी कायले जाऊ बिब्याच्या झाडाखालून?"

"मंग बिबा आला कुठून?"

जानरावानं सदरा खाली ओढला. कमरेचा बिबा त्याला आठवला नाही असं नाही. पण तो बिबा आपला होता. आपल्या राखणीसाठी, आपल्या हातानं बांधलेला. घराला कुलूप लावल्यावर चोरी झाली तर कोणी कुलपावर संशय घेत नाही. बिबा उतला म्हणजे दुसरा बिबा असणार, आणि दुसरा बिबा म्हणजे दुसऱ्याचा. कासऱ्याला तेल लावलं असेल. नाहीतर जुवाला. एक जण मोजे घालून कासरा धरतो आणि दुसरा उघड्या हातानं. सरळ होतं.

प्रयागबाईनं खोबरं किसून पाठीवर थापलं. सकाळी आग थोडी कमी वाटली, म्हणून जानरावानं आपल्या बाजूनं त्यात भर घातली. समोरच्या अंगाला, बायकोला न दिसेल अशा जागी, त्यानं खायचा चुना लावला. दुपारी त्यावर रॉकेल. संध्याकाळी फोड फुटून कातडी लोंबायला लागली तेव्हा त्याची खात्री पटली की विरोधी पक्ष जोरदार आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं केनवडला जाऊन आणखी एक बिबा आणला, पहिल्यापेक्षा मोठा, आणि त्याच दोऱ्यात ओवला.

आता आग मानेवर गेली. बोटांच्या बेचक्यांत गेली. ज्या हातानं कमर खाजवली तोच हात रात्री झोपेत डोळ्यावर गेला आणि सकाळी उजवा डोळा सुजून मिटला. उरलेल्या एका डोळ्यानं तो वावरात गेला. भिवाजी भुऱ्याला घेऊन वाट पाहत उभा होता.

"अबे, तोंड काय झालं तुहं?"

"तुले माहीत हाय."

"मले माहीत असतं तं इचारलं असतं काय?"

"हे पाह्य भिवाजी," जानराव म्हणाला, "सावड झाली आपली. उद्यापासून कवड्या माह्या घरीच राहीन. या बाजारी मी त्याले रिसोडले नेतो अन् इकून टाकतो."

भिवाजीनं खर्रा चघळायचा थांबवला. "डवरणी अर्धी पडली हाय. तुही बी, माही बी."

"पडू दे."

"मी काय केलं, थे तं सांग."

"सांगत नसतेत अशा गोष्टी. मोजे घालणाऱ्याले माहीत असते."

भिवाजीनं आपल्या मोज्यांकडं पाहिलं, मग जानरावाकडं, मग पुन्हा मोज्यांकडं. मग तो भुऱ्याला वळवून घेऊन निघून गेला. एक शब्द बोलला नाही. हेही जानरावाला संशयास्पदच वाटलं. निर्दोष माणूस भांडला असता.

पावसानं उघडीप दिली होती. डवरणीला असे दिवस शोधून सापडत नाहीत. दोन्ही वावरांत गवत तरारून वर यायला लागलं, कोणाच्या बाजूचं आहे याचा विचार न करता. कवड्या गोठ्यात उभा राहून भिवाजीच्या घराच्या दिशेनं हंबरायचा आणि तिकडून भुऱ्या उत्तर द्यायचा. त्या दोघांना कोणी काही सांगितलं नव्हतं. गुरांचा एक व्यापारी येऊन कवड्याचे दात पाहून गेला, बाजाराआधी सौदा करू म्हणाला.

"इका," प्रयागबाई म्हणाली. "मंग डवऱ्याले एका अंगाले भुऱ्या अन् एका अंगाले तुमी." आणि तिनं त्याला डोळ्यासकट रिसोडच्या बसमध्ये बसवलं.

रिसोडच्या चामडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि फार बोलत नव्हत्या. त्यांनी आधी डोळा पाहिला, मग मान, मग बोटं. मग म्हणाल्या, "कमर दाखवा."

जानरावानं सदरा पाठीमागून बेतानं वर केला.

"पुढून."

"पुढून काई नाई."

"मग दाखवायला काय हरकत?"

सदरा वर गेला. बाई खुर्चीवरून पुढं वाकल्या. बेंबीच्या बाजूला भाजल्यासारखे दोन गोल काळे डाग होते, एक लहान, एक मोठा. डागांवर ते दोघे जण मुक्कामाला बसल्यासारखे टेकलेले.

"हे कशासाठी बांधलंत?"

"असंच."

"दोन?"

"एकानं फरक नाई पडला."

"पडला होता," बाई म्हणाल्या. "काका, बिब्याचं तेल कातडी जाळतं. तो कोणी बांधला, कोणावर बांधला, हे त्याला कळत नाही. तुम्ही आधी त्याला भोक पाडून तेल बाहेर काढलंत, मग घामाच्या जागी घट्ट बांधलंत, मग तोच हात डोळ्याला लावलात." त्यांनी मोजे घातले, दोरा कापला आणि ते प्रकरण एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकून गाठ मारली. "तुमचे आहेत म्हणून देतेय. उघड्या हातानं धरू नका. जाळू तर मुळीच नका, त्याच्या धुरानं घरादाराची तोंडं सुजतील. खोल पुरून टाका. घरी गेल्यावर अंग साबणानं आणि भरपूर पाण्यानं धुवा, नखांतसुद्धा. लेंगा-सदरा वेगळा धुवा. थंड पाण्याची पट्टी ठेवा, फोड फोडू नका, खाजवू नका. हे मलम कमरेला अन् बोटांना, डोळ्याचं वेगळं आहे. गोळीनं झोप येईल. चुना लावला होता?"

"थोडासा."

"रॉकेल?"

जानरावानं भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं.

"पुन्हा लावू नका," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या जानरावाला आता सगळं कळलं होतं आणि ते कळणं फारसं सुखाचं नव्हतं. कासऱ्याला काही नव्हतं. जुवाला काही नव्हतं. भिवाजी मोजे गाजरगवतासाठीच घालत होता. राहता राहिलं ते न थुंकणं, आणि तेवढ्यावर सावड मोडता येत नाही. त्यानं ठरवलं की उद्या सकाळी काही न बोलता कवड्याला घेऊन वावरात जाऊन उभं राहायचं. भिवाजीही काही न बोलता भुऱ्याला आणेल. पुरुषमाणसांचे तंटे असेच मिटतात. कोणी कोणाला काही विचारत नाही.

फक्त ते बिबे पुरायचे राहिले होते. अंगावरून उतरवलेली असली वस्तू घराच्या आवारात ठेवत नाहीत, गावाबाहेर नेतात. म्हणून तो फाट्यावर उतरला तो सरळ धुऱ्यावर गेला. तिथं गेल्यावर त्याच्या डोक्यात आलं की आपण खड्डा खणून काळ्या दोऱ्यातले बिबे पुरताना कोणी पाहिलं तर काय म्हणेल. जानराव भिवाजीच्या धुऱ्यावर करणी पुरतो आहे, असंच म्हणेल. उगाच कोणाला संशय नको. त्यानं इकडं तिकडं पाहिलं, पिशवीची गाठ सोडली आणि हात न लावता ती गाजरगवतात झटकली. जरा पलीकडच्या, भिवाजीच्या अंगाला. नजर तिकडची होती, त्या हिशेबानं ते बरोबरच होतं.

पण सकाळी जानराव वावरात पोचलाच नाही. गोळीनं झोप येईल असं बाई म्हणाल्या होत्या, ती दोन सकाळी आली. तिसऱ्या सकाळी तो कवड्याचा दोर सोडत होता तेव्हा भिवाजी स्वतःच दाराशी आला. आत आला नाही. फाटकाबाहेर उभा राहिला. डाव्या हातात काडी होती आणि काडीच्या टोकाला काळा दोरा लोंबत होता, त्यात दोन बिबे. उजवा तळहात सुजून लाल झाला होता, बोटांवर फोड.

"प्रयागवयनी," तो म्हणाला, "तुमी बी या. तुमच्यासमोर होऊ द्या."

प्रयागबाई चहाचं भांडं तसंच ठेवून बाहेर आली. "कुठी भेटलं हे?"

"माह्या अंगाच्या धुऱ्यावर. परवा मोजे काढून हात धुऊन घरी निघालो, तं दोरा दिसला. मले वाटलं भुऱ्याच्या गळ्यातला हाय, म्हून उचलला. मंग पाह्यलं तं हे." त्याचा आवाज चढला नव्हता. "जानराव, सावड मोडली, मी काई बोललो नाई. बैल इकाले काढला, बोललो नाई. पण माह्या वावरात हे टाकण्याइतकं मी तुहं काय खाल्लं?"

जानरावाच्या हातात कवड्याचा दोर तसाच राहिला.

भिवाजीनं काडी जरा खाली केली. मग स्वतःच म्हणाला, "का गोविंदसिंगनं टाकलं? त्याचं वावर वरच्या अंगाले हाय. तू म्हण, का हे माहं काम नाई. मी तुह्यावर भरोसा ठेवतो अन् त्याच्याकडं जातो."

सुटकेचं दार उघडं होतं. नुसती मान हलवायची होती. गोविंदसिंगची स्वतःची जोडी होती, त्याला कोणाच्या सावडीची गरज नव्हती, आणि त्याचं तोंडही तसं संशय घेण्याजोगंच होतं. जानरावानं तोंड उघडलंसुद्धा. पण भिवाजी काडी उजव्या हातात घ्यायला गेला, फोडाला ती लागली आणि त्यानं ओठ दाबून पुन्हा डावीकडं घेतली. ते दुखणं कसलं असतं हे गावात सध्या एकाच दुसऱ्या माणसाला माहीत होतं. आणि गोविंदसिंगकडं गेला तर हा तो हात घेऊन तिथं भांडेल, आणि मग पुढच्या डवरणीला कोणाचा बैल कोणाच्या बैलाशी जुंपायचा, हे कोणालाच सांगता येणार नाही.

जानरावानं सदरा वर केला. या खेपेला पुढून.

एक लहान डाग, एक मोठा. काडीवर एक लहान बिबा, एक मोठा. भिवाजीनं मान वाकडी करून एकदा इकडं, एकदा तिकडं पाहिलं.

"हा तं माह्या शिवणाच्या डब्यातला दोरा व," प्रयागबाई म्हणाली. "अन् मी खोबरं किसून किसून मेली."

"कोणासाठी बांधला व्हता?" भिवाजीनं विचारलं.

"नजरेसाठी."

"कोणाच्या?"

कवड्यानं कान हलवले.

"तुह्या," जानराव म्हणाला. "तू सोयाबीनले भारी म्हणला अन् थुंकला नाई."

भिवाजीनं काडी फिरवून बिब्यांकडं पाहिलं. "तोंडात नवा खर्रा व्हता बे," तो म्हणाला. "आताच टाकला व्हता. अन् माह्या नजरेत येवळा दम असता, तं तुह्या अंगाच्या धुऱ्यावरचं गाजरगवत पह्यले नसतं वाळलं? रोज पाह्यतो मी त्याच्याकडं."

प्रयागबाई पदर तोंडाला लावून आत गेली. तिला दुर्गाबाईकडं तातडीचं काम आठवलं होतं.

जानरावानं बादलीभर पाणी काढलं, साबण दिला, आणि भिवाजीचा हात धुऊन झाल्यावर मलमाची नळी घेऊन आला. "फोड फोडू नको. चुना-बिना लावू नको. अन् त्या हातानं डोळा चोळू नको."

"हे काय लावून राह्यला?"

"मलम. डॉक्टरीणबाईचं."

"आधी सवताले लाव."

जानरावानं आधी स्वतःला लावलं. भिवाजी पाहत होता. मग त्यानं हात पुढं केला.

बिबे त्यांनी दोघांनी मिळून पुरले, धुऱ्याच्या बरोबर मध्ये, खोल, आणि कोणी पाहिलं तर पाहू दे म्हणून भर दुपारी. व्यापाऱ्याला परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी कवड्या आणि भुऱ्या जुवाखाली आले तेव्हा जानरावाच्याही हातांत रबरी मोजे होते, भिवाजीची ती दुसरी जोडी. आधी त्यानं ते आतून उलटे करून पाहिले होते.

पिकाचं एक तास संपवून ते धुऱ्यावर टेकले. गवत बरंच वर गेलं होतं, पण सोयाबीन हातचं गेलं नव्हतं. भिवाजीनं जानरावाच्या पिकावरून डावीकडून उजवीकडं नजर फिरवली.

"बेकार हाय यंदा तुहं सोयाबीन," तो म्हणाला. "काईच होणार नाई याचं." आणि लांबवर, सगळ्यांना दिसेल अशी, लालभडक पिचकारी मारली.

"बरं झालं," जानराव म्हणाला.

मग ते उठले. जानरावानं डवरा धरला आणि भिवाजीच्या पाठीकडं पाहत तो चालायला लागला. म्हणायची पद्धत बरोबर होती, थुंकणंही वेळेवर होतं. पण बेकार म्हणताना त्याचा आवाज जरा जास्तच मनापासून लागल्यासारखा वाटला. कमरेला खाज सुटली. डॉक्टरीणबाईंनी खाजवू नका म्हणून सांगितलं होतं, म्हणून त्यानं दोन्ही हात डवऱ्यावरच ठेवले.